बाणावरचा सूर्यप्रकाश

कार्बनी रसायनशास्त्र शिकायला बसलेल्या प्रत्येकाला सुरुवातीलाच दोन ओळी भेटतात.

मिथेन + क्लोरीन → क्लोरोमिथेन + हायड्रोजन क्लोराइड

इथीन + ब्रोमीन → १,२-डायब्रोमोइथेन

पहिल्या ओळीत बाणाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘सूर्यप्रकाश’ असे लिहिलेले असते. दुसऱ्या ओळीतला बाण उघडा असतो. दहावीच्या विज्ञानात ‘कार्बनी संयुगे’ या धड्यात मुलांची या प्रकारांशी ओळख होते, पुढे अकरावी-बारावीत ती पक्की होते, आणि उत्तरपत्रिकेत सगळा फरक एका वाक्यात उतरतो: अल्केनची हॅलोजनशी प्रतियोजन अभिक्रिया होते, अल्कीनची समावेशन अभिक्रिया होते. उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतात. पण या ओळी एवढ्यावर सोडून द्याव्यात अशा नाहीत. चांगली कविता पहिल्या वाचनात अर्थ देते आणि पुन्हा पुन्हा वाचली की तो अर्थ कुठून आला हे दाखवते. या ओळींचेही तसेच आहे. शब्द मोजके, अध्याहृत पुष्कळ, आणि जो शब्द लिहिला आहे तो हलवता येणार नाही असा. त्यांचे रसग्रहण करावे असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी भद्रावतीसारखी दुसरी जागा नाही असेही वाटते.

भद्रावती हे नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरचे प्राचीन गाव. रेल्वे स्थानकाला आजही ‘भांदक’ हे जुनेच नाव आहे. विंजासनची लेणी, भद्रनागाचे मंदिर, पार्श्वनाथाचे जैन मंदिर पाहायला लोक इथे येतात. रसायनाच्या वाचकाला मात्र या तालुक्याची जमीन दोन थरांत दिसते. खाली वर्धा खोऱ्यातला गोंडवन काळातला कोळसा आहे, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. माजरी, तेलवासा, ढोरवासा ही नावे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलिच्या) खाणींमुळे जिल्हाभर माहीत आहेत. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत मिथेन अडकलेला असतो, आणि मिथेन म्हणजे सर्वांत लहान अल्केन: एक कार्बन, चार हायड्रोजन, चार एकेरी बंध. वरच्या थरात या भागाच्या शेतांमध्ये रब्बीचे जवस निळे फुलते, आणि तालुक्याच्या मोहर्लीकडच्या अंगाला ताडोबाच्या जंगलात मोह आहे. जवसाच्या दाण्यात आणि मोहाच्या बीत तेल असते, आणि त्या तेलाच्या लांब साखळ्यांत मधूनमधून दुहेरी बंध असतात. इथीनमध्ये जो बंध एकटा भेटतो तोच हा. पहिल्या ओळीचे पात्र जमिनीखाली अंधारात आणि दुसऱ्या ओळीचे पात्र जमिनीवर उन्हात अशी ही मांडणी आहे. उजेड आणि अंधार ही जोडी पुढे या ओळींच्या अर्थातही शिरते.

आधी पहिली ओळ घेऊ. डावीकडे दोन नावे आहेत, उजवीकडेही दोन. मिथेन आत गेला तेव्हा त्याच्याकडे चार हायड्रोजन होते. क्लोरोमिथेन होऊन बाहेर आला तेव्हा तीन राहिले, आणि चौथ्याच्या जागी क्लोरीन आहे. सुटलेला हायड्रोजन दुसऱ्या क्लोरीन अणूला घेऊन हायड्रोजन क्लोराइड झाला. मिथेनच्या कार्बनपाशी चारच हात आहेत आणि चारही गुंतलेले आहेत. नवे काही घ्यायचे तर जुने काही सोडावे लागते. म्हणून या ओळीच्या उजवीकडे दुसरे नाव येणे अटळ आहे. ते नाव नुसते हिशेब जुळवायला आलेले नाही; नळीच्या तोंडाशी ओला निळा लिटमस धरला की तो लाल होतो, आणि सोडलेल्या हायड्रोजनची साक्ष मिळते.

आता बाणावरचा शब्द. मिथेन आणि क्लोरीन एकाच भांड्यात मिसळून अंधारात ठेवले तर सामान्य तापमानाला काहीच घडत नाही. क्लोरीनचा हिरवट पिवळा रंग तसाच राहतो. मिथेनचा हा स्वभाव खाणीतल्या माणसांनी रसायनशास्त्रज्ञांच्या आधी ओळखला होता. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की मिश्रण स्फोटक होते, पण ठिणगी मिळेपर्यंत तो स्फोट होत नाही. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणीसाठी जो सुरक्षादीप केला, त्यात ज्योतीभोवती तारेची जाळी बसवून ज्योतीची धग बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचू दिली नाही. मिथेनला सुरुवात करून द्यावी लागते. ती करून दिली नाही तर तो ऑक्सिजनशेजारीही स्वस्थ असतो आणि क्लोरीनशेजारीही.

क्लोरीनच्या बाबतीत ही सुरुवात सूर्यप्रकाश करतो. पण प्रकाश नेमका कोणावर काम करतो? समीकरणात तो दोघांच्या मध्ये, बाणावर लिहिलेला असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की प्रकाशाने मिथेन जागा होतो. आकडे वेगळे सांगतात. क्लोरीनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे सुमारे २४३ किलोज्यूल ऊर्जा लागते. एवढी ऊर्जा सुमारे ४९२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळसर हिरव्या प्रकाशाच्या कणात असते, आणि त्याहून आखूड तरंगांत तर त्याहून जास्त असते. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मात्र सुमारे ४३९ किलोज्यूल लागतात. त्यासाठी सुमारे २७२ नॅनोमीटरचा अतिनील किरण हवा, आणि तसे किरण वातावरणातला ओझोन वरच अडवतो, जमिनीपर्यंत येऊ देत नाही. म्हणजे भद्रावतीच्या उन्हात क्लोरीन फुटू शकतो, मिथेन फुटू शकत नाही. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४७ अंशांपुढे जातो, पण त्या उष्म्याचा इथे उपयोग नाही. अंधारात हीच अभिक्रिया घडवायची तर मिश्रण काहीशे अंशांपर्यंत तापवावे लागते. काम होते ते उन्हातल्या निळ्या-जांभळ्या आणि अतिनील भागामुळे. बाणावरचा शब्द व्याकरणाने क्लोरीनचे विशेषण आहे असे म्हटले तरी चालेल.

फुटलेल्या क्लोरीनचे दोन अणू म्हणजे दोन मुक्त मूलके. प्रत्येकापाशी जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन आहे. असा क्लोरीन अणू मिथेनला भिडतो आणि त्याचा एक हायड्रोजन ओढून घेतो. हायड्रोजन क्लोराइडचा बंध जोडला गेल्याने सुमारे ४३१ किलोज्यूल मिळतात, मिथेनचा बंध तोडायला ४३९ लागले होते. म्हणजे पाऊल जवळपास बरोबरीत सुटते, खर्च अवघा ८. मागे राहते मिथिल मूलक. ते दुसऱ्या, अखंड क्लोरीन रेणूला भिडते, त्यातला एक अणू घेऊन क्लोरोमिथेन होते, आणि उरलेला क्लोरीन अणू पुन्हा मोकळा होतो. या पावलात सुमारे १०७ किलोज्यूल हाती येतात. तो मोकळा अणू पुढच्या मिथेनकडे जातो. प्रकाशाने एक रेणू फोडला आणि त्यातून हजारो फेऱ्या घडल्या. समीकरणातला एकच बाण ही सगळी साखळी आपल्या पोटात घेऊन उभा आहे.

यातले काही डोळ्यांना दिसत नाही, तर ते खरे कशावरून? इथे ही ओळ एक सुंदर पुरावा मागे ठेवते. मिथेन आणि क्लोरीनच्या या मिश्रणात अगदी थोडा इथेन सापडतो. मिथेनमध्ये एकच कार्बन असतो, इथेनमध्ये दोन. दोन कार्बनांचा रेणू आला कुठून? दोन मिथिल मूलके एकमेकांना भेटली आणि त्यांनी साखळी तिथेच संपवली, म्हणून. जे पात्र समीकरणात एकदाही आले नाही, त्याचा ठसा भांड्यात उरतो.

या ओळीला आणखी एक गुण आहे: ती थांबत नाही. क्लोरोमिथेनजवळ अजून तीन हायड्रोजन आहेत. क्लोरीन पुरेसा असेल तर दुसरा हायड्रोजन जाऊन डायक्लोरोमिथेन होतो, तिसरा जाऊन क्लोरोफॉर्म, चौथा जाऊन कार्बन टेट्राक्लोराइड. पाठ्यपुस्तकातली ओळ चार ओळींच्या कडव्यातली पहिलीच आहे, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच हायड्रोजन क्लोराइड यमकासारखा येतो.

हॅलोजन बदलला की ओळीचा सूर बदलतो. फ्लोरीन घेतला तर हायड्रोजन ओढण्याच्या पावलातच सुमारे १३१ किलोज्यूल सुटतात. अभिक्रिया स्फोटक होते, आवरता आवरत नाही. ब्रोमीनला त्याच पावलासाठी सुमारे ७३ किलोज्यूल खर्च येतो, म्हणून तो सावकाश चालतो आणि निवडून घेतो. तीन कार्बनांशी जोडलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन त्याला शेंड्यावरच्या हायड्रोजनपेक्षा सुमारे १६०० पट सोपा जातो, तर क्लोरीनला तो फरक जेमतेम पाचपट वाटतो. आयोडीनला त्याच पावलासाठी सुमारे १४१ किलोज्यूल लागतात. साखळी पुढे सरकतच नाही. चारही हॅलोजन एकाच कुळातले, पण एका पावलाच्या खर्चावरून एक स्फोट घडवतो आणि एक हात बांधून उभा राहतो. ज्याला घाई नाही तो निवड करू शकतो, हे ब्रोमीन आकड्यांत सांगतो.

दुसऱ्या ओळीकडे वळलो की आधी तिची शांतता जाणवते. डावीकडे दोन नावे, उजवीकडे एकच. आत गेलेला प्रत्येक अणू त्या एका नावात सामावलेला आहे. काही सुटले नाही, नळीच्या तोंडाशी लिटमस लाल करणारे काही आले नाही. बाणावर प्रकाश नाही, उष्णता नाही, उत्प्रेरक नाही. तांबूस तपकिरी ब्रोमीनच्या द्रावणात इथीन सोडला की रंग पाहता पाहता जातो. प्रयोगशाळेच्या खिडक्या बंद असोत की उघड्या, त्याला फरक पडत नाही.

हे असे का, याचे उत्तर इथीनच्या घडणीत आहे. दोन कार्बन, चार हायड्रोजन, सगळे एका पातळीत. दोन कार्बनांमधल्या दुहेरी बंधातला एक बंध मिथेनमधल्या बंधांसारखाच अणूंच्या मधोमध घट्ट आहे. दुसऱ्या बंधाचे इलेक्ट्रॉन त्या पातळीच्या वर आणि खाली पसरलेले असतात, बाहेरून येणाऱ्याला सहज पोहोचता येईल असे. मिथेनचे इलेक्ट्रॉन चहूबाजूंनी हायड्रोजनांत बांधलेले होते, म्हणून तिथे बाहेरून फोडाफोड करावी लागली. इथे इलेक्ट्रॉनच पुढे येतात. ब्रोमीनचा रेणू जवळ आला की त्यांच्या प्रभावाने त्याची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण होते. धन बाजू कार्बनांना चिकटते, ऋण ब्रोमाइड सुटून बाजूला होतो.

त्या क्षणी जे तयार होते ते या ओळीचे न लिहिलेले मधले पद आहे. इर्विंग रॉबर्ट्स आणि जॉर्ज किंबॉल यांनी १९३७ मध्ये सुचवले की ब्रोमीन एका कार्बनला न चिकटता दोन्ही कार्बनांना मिळून तीन अणूंचे लहानसे वलय करतो. मग सुटलेला ब्रोमाइड या वलयाकडे येतो, पण ज्या बाजूला पहिला ब्रोमीन बसला आहे तिकडून त्याला वाट नाही. तो पाठीमागून येतो. सायक्लोहेक्झीनवर हा प्रयोग केला तर दोन्ही ब्रोमीन त्याच्या सहा कार्बनांच्या वलयाच्या विरुद्ध बाजूंना बसलेले मिळतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे १९६९ मध्ये असे ब्रोमीनचे वलय एका अवजड अल्कीनवर इतके स्थिर मिळाले की ते वेगळे काढता आले. दोन्ही बाजूंच्या अवजड गटांमुळे ब्रोमाइडला पाठीमागूनही येता आले नाही, आणि वाक्य मधल्याच पदावर थांबून राहिले.

या ओळीचाही पुरावा पहिल्या ओळीसारखाच हुशार आहे. ए. डब्ल्यू. फ्रान्सिस यांनी १९२५ मध्ये इथीन मिठाच्या पाण्यातल्या ब्रोमीनमध्ये सोडला. दोन ब्रोमीन एकाच वेळी, एका झटक्यात जोडले जात असते तर उत्पादितात फक्त डायब्रोमोइथेन मिळायला हवे होते. प्रत्यक्षात एका टोकाला ब्रोमीन आणि दुसऱ्या टोकाला क्लोरीन असलेला रेणूही मिळाला. दोन्ही टोकांना क्लोरीन असलेला मात्र मिळाला नाही. म्हणजे आधी ब्रोमीन बसतो, मग दुसऱ्या जागेसाठी द्रावणात इलेक्ट्रॉन देऊ शकणारा जो कण हाताशी असेल तो येतो: ब्रोमाइड येईल, मिठातला क्लोराइड येईल, नाहीतर पाण्याचा रेणूही येईल. ओळ एका दमात वाचली जाते, पण तिच्या मध्यावर यती आहे. ती यती फ्रान्सिसने चिमूटभर मिठाने ऐकवली.

दोन्ही ओळींचा इतिहासही त्यांच्या स्वभावाला साजेसा आहे. दुसरी ओळ आधी सापडली, कारण ती कोणतीही अट घालत नाही. १७९५ च्या सुमारास चार डच रसायनशास्त्रज्ञांनी इथीन आणि क्लोरीन एकत्र केले आणि दोन वायूंपासून तेलासारखा जड द्रव खाली जमताना पाहिला. तो १,२-डायक्लोरोइथेन होता. आज जगात तो प्रचंड प्रमाणावर तयार होतो, कारण त्यापासून व्हिनाइल क्लोराइड आणि पुढे पीव्हीसी करतात. भद्रावतीच्या शेतांत विहिरीपासून पिकापर्यंत जाणाऱ्या पीव्हीसी पाइपामागे ही दुसरी ओळ आहे. पहिल्या ओळीचा अर्थ लागायला वेळ लागला. पॅरिसच्या राजवाड्यातल्या एका समारंभात मेणबत्त्यांतून झोंबणारा धूर निघाला, आणि त्याचा तपास झां-बातिस्त द्युमा याच्याकडे आला अशी गोष्ट सांगतात. मेण क्लोरीनने पांढरे केले होते आणि जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघत होता. द्युमाने १८३४ मध्ये मांडले की क्लोरीन कार्बनी पदार्थांत हायड्रोजनची जागा घेतो. बर्झेलियससारख्या थोर रसायनशास्त्रज्ञाला ते पटेना. हायड्रोजन धन प्रवृत्तीचा, क्लोरीन ऋण प्रवृत्तीचा; एकाच्या जागी दुसरा बसून पदार्थाची मूळ ठेवण कायम कशी राहील, हा त्याचा आक्षेप होता. प्रतियोजनाच्या कल्पनेने बर्झेलियसचा हा धन-ऋण सिद्धान्त मागे पडला. आज जी ओळ मुले सहज पाठ करतात, ती मान्य होण्यासाठी एका पिढीला आपली समजूत बदलावी लागली.

इथपर्यंत वाचल्यावर दोन ओळी दोन स्वभावांसारख्या वाटतात: अल्केन देऊन घेणारा, अल्कीन नुसता सामावून घेणारा. उत्तरपत्रिकेतले वाक्यही हेच सांगते. पण तेवढेच धरून बसले तर वाचन अपुरे राहते. प्रोपीन घ्या. तीन कार्बनांच्या या रेणूत दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध आहे आणि तिसऱ्या कार्बनवर तीन हायड्रोजन आहेत. सामान्य तापमानाला क्लोरीन त्याच्या दुहेरी बंधावर जोडला जातो, अगदी दुसऱ्या ओळीप्रमाणे. पण तेच दोन वायू सुमारे ५०० अंश सेल्सिअसला एकत्र आणले, तर क्लोरीन दुहेरी बंधाला हात न लावता शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन काढतो आणि त्याची जागा घेतो. उजवीकडे पुन्हा हायड्रोजन क्लोराइड येतो. अल्कीनने पहिली ओळ म्हटली! कृत्रिम ग्लिसरीन करण्याचा जुना औद्योगिक मार्ग याच पावलाने सुरू होतो. कारण असे की त्या तापमानाला क्लोरीनचे अणू सुटे असतात, आणि दुहेरी बंधाच्या शेजारी तयार होणारे मूलक त्या बंधाच्या आधाराने स्थिर राहते. म्हणजे रेणू कोण आहे हे अर्धे उत्तर आहे. हॅलोजन त्याच्यापर्यंत रेणू म्हणून आला की सुट्या अणूच्या रूपात, हे उरलेले अर्धे. आणि ते बाणावर लिहिलेले असते.

हीच गोष्ट जवसाच्या तेलात मोजता येते. तेलाच्या रसायनात दुहेरी बंध मोजण्याची एक जुनी रीत आहे. १८८४ मध्ये ऑस्ट्रियाच्या ह्यूब्लने तिला आकार दिला, १८९८ मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ वाइस याने ती सुधारली. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन सामावून घेते, तो आकडा म्हणजे त्या तेलाचे आयोडीन मूल्य. नुसता आयोडीन दुहेरी बंधावर मंदपणे आणि अर्धवट बसतो, म्हणून वाइसने आयोडीन आणि क्लोरीन यांचे संयुग हिमानी ॲसिटिक आम्लात घेतले. त्या रेणूची आयोडीनकडची बाजू मुळातच किंचित धन असते, त्यामुळे तो दुहेरी बंधाकडे चटकन जातो. ठरलेला वेळ झाल्यावर उरलेल्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घालतात, सुटलेला आयोडीन सोडियम थायोसल्फेटने मोजतात, आणि शेवटी घातलेल्या स्टार्चचा निळा रंग नाहीसा झाला की हिशेब पुरा होतो.

या रीतीतली एक सूचना मला फार महत्त्वाची वाटते: बूच लावलेले चंबूपात्र त्या वेळात अंधारात ठेवायचे. पहिली ओळ वाचलेल्याला त्याचे कारण सांगावे लागत नाही. जवसाच्या तेलातले मुख्य आम्ल लिनोलेनिक. त्याच्या साखळीत १८ कार्बन, तीन दुहेरी बंध, म्हणजे सहा कार्बन दुसऱ्या ओळीतले. बाकीच्या साखळीचा मोठा भाग मिथेनसारखा, एकेरी बंधांचा. एकाच रेणूत दोन्ही ओळी शेजारी शेजारी बसल्या आहेत. उजेड पडला तर हॅलोजन फुटेल, मोकळे अणू हायड्रोजन काढू लागतील, पहिली ओळ सुरू होईल आणि आकडा खोटा ठरेल. अंधारात फक्त दुसरी ओळ चालते. पहिल्या ओळीसाठी उन्हाची जेवढी गरज, तेवढीच या मोजणीसाठी अंधाराची.

आकडेही देखणे आहेत. शुद्ध स्टीअरिक आम्लात दुहेरी बंध नाही, त्याचे आयोडीन मूल्य शून्य. तेवढ्याच लांबीच्या साखळीत एक दुहेरी बंध आला की ओलिक आम्ल, मूल्य सुमारे ९०. दोन आले की लिनोलिक, सुमारे १८१. तीन आले की लिनोलेनिक, सुमारे २७४. प्रत्येक बंधामागे नव्वद ते त्र्याण्णवची पायरी चढत जाते. आता आपल्या ओळखीची तेले त्या पायऱ्यांवर ठेवून पाहू. खोबरेल तेल १० च्या आसपास, मोहाच्या बियांचे तेल सुमारे ६० ते ७०, शेंगदाण्याचे नव्वदीच्या घरात, करडईचे १४० च्या आसपास, आणि जवसाचे १७० च्या वर. थंडीत खोबरेलाची बाटली गोठते, मोहाचे तेल घट्ट होते, जवसाचे पातळच राहते. दुहेरी बंधापाशी साखळी वाकते, आणि वाकलेल्या साखळ्या एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत. जवसाचा दाणा भरताना हवा थंड असेल तर त्यात लिनोलेनिक आम्ल वाढते. हेच दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनलाही जवळ करतात, म्हणून जवसाचे तेल पातळ थरात वाळून कडक होते आणि लाकडावरच्या रंग-रोगणात त्याला मान मिळाला. आणि म्हणूनच जवसाची चटणी ताजी कुटून खाण्यात शहाणपण आहे. कुटलेले जवस फार दिवस उघडे राहिले तर खवट होते.

शाळेच्या प्रयोगशाळेत एवढी साधने नसतात, पण टिंक्चर आयोडीनचे थेंब आणि दोन-तीन तेले असतात. एका परीक्षानळीत जवसाचे किंवा करडईचे तेल, दुसरीत वनस्पती तूप, दोन्हींत तेवढेच थेंब, आणि हलकेसे गरम पाणी. तेलातला रंग अधिक ओसरतो, तुपातला टिकून राहतो, कारण वनस्पती तूप करताना निकेल उत्प्रेरकाच्या मदतीने दुहेरी बंधांवर आधीच हायड्रोजन बसवलेला असतो. माझी विज्ञानशिक्षकांना एक विनंती आहे: रंग गेला की राहिला एवढ्यावर हा प्रयोग थांबवू नये. हेक्झेन या अल्केनमधला ब्रोमीनही उन्हात ठेवला तर रंग सोडतो. म्हणून रंग गेल्यावर नळीच्या तोंडाशी काय आहे, नळी उजेडात होती की अंधारात, उजवीकडे एक पदार्थ झाला की दोन, हे तीन प्रश्न मुलांना विचारावेत. या तीन प्रश्नांनी पाठांतराचे वाक्य पुन्हा ओळ होते.

या दोन ओळींचे मोठेपण मला इथे दिसते. पाठ करणाऱ्याला त्या उत्तर देतात, आणि सावकाश वाचणाऱ्याला त्या भाकीत करू देतात. कधी न पाहिलेला रेणू समोर आला तरी त्यात मोकळे इलेक्ट्रॉन कुठे आहेत, सोडण्याजोगे काय आहे, आणि हॅलोजन कोणत्या परिस्थितीत येतो आहे, एवढे पाहिले की पुढचे बहुतेक सांगता येते. भद्रावतीच्या एखाद्या मुलीने खाणीतल्या वायूबद्दल आणि घरच्या जवसाबद्दल असे सांगितले आणि ते बरोबर ठरले, तर तिने रसायनशास्त्र वाचले असे मी म्हणेन. म्हणून ही समीकरणे तपासताना बाणावरच्या शब्दाला स्वतंत्र गुण असावा, आणि तो शब्द तिथे का आहे हे सांगणाऱ्याला त्याहून जास्त गुण मिळावेत.